कार्डावरच्या चार ओळी

सर, आज रविवार आहे, सकाळचे आठ वाजलेत, आणि मी कराडपासून अर्धी पृथ्वी दूर एका जुन्या हॉटेलच्या लाकडी गॅलरीत बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, त्यामुळे उत्तराची घाई नाही. घाई मला आहे. अकरा वाजता खोली सोडायची आणि जाता जाता खालच्या रस्त्यावरच्या एका दुकानदार बाईला माझ्याबद्दलच्या चार ओळी लिहून द्यायच्या आहेत. चारच ओळी हो, पण कालपासून एक सुचत असेल तर शपथ. नवरा कॉफी आणायला खाली गेलाय. या गावात रस्ते कमी आणि पायऱ्याच जास्त, त्यामुळे गुडघ्यांशी वाटाघाटी करत तो वर येईपर्यंत मला बराच वेळ आहे.

गावाचं नाव बिस्बी. तुम्ही लगेच नकाशा उघडला असतात म्हणून सांगते, ॲरिझोना नावाच्या वाळवंटी राज्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ. एके काळी तांब्याची खाण होती, ती बंद पडली, गाव मात्र पडलं नाही. डोंगराच्या दोन्ही अंगांना रंगीत घरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलीत. आम्ही इथून तीन तासांवर चँडलरला राहतो. दोघं रिटायर झालो, लेक तिकडे लांब उत्तरेला ॲन आर्बरला गेली, आणि मग आम्हाला हे वेड लागलं. ऑक्टोबर ते एप्रिल, ऊन माणसात असतं तेव्हा, दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी निघायचं आणि असलं एखादं जुनं, छोटं गाव गाठायचं. बिस्बी, जेरोम, ग्लोब, टुबाक. कूलरमध्ये दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. सुरुवातीला नवरा नाकाने कांदे सोलायचा. "शंभर वर्षांचं म्हणजे हिस्टॉरिक? अगं, आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा याहून जुना होता!" आता तोच प्रत्येक दारावरची पाटी मोठ्यांदा वाचतो आणि मी "पुरे" म्हटलं की रुसतो. "तीन तास ड्राइव्ह करून आलोय यार, एक बोर्ड तर वाचू दे." तो वाचतो, मी चित्र काढते. साठी ओलांडल्यावर एवढं सुख मिळेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी साठीची वाट बघितली असती.

चित्र काढताना, शाळेत ड्रॉइंगच्या तासाला असायचात तसे, तुम्ही मागे उभे असताच. खिशातले शेंगदाणे खात, टरफलं आमच्या कागदावर सांडत. संगमावर नेलंत तेव्हा मी धावत जाऊन घाटासमोर उन्हात बसले, तर तुम्ही ओरडलात, "अगं ए शहाणे, आधी सावली शोध, विषय मग!" इथे त्या एका वाक्यावर माझं निभतं. इंटरमिजिएटच्या परीक्षेआधी स्मरणचित्राच्या सरावाला बाजाराचा विषय होता. मी वीस माणसं काढली होती आणि स्वतःवर भलतीच खूश होते. तुम्ही कागद उचललात, उलटा धरलात, पुन्हा सुलटा केलात आणि सगळ्या वर्गासमोर विचारलंत, "सगळ्यांचे हात पाठीमागे का? बाजारात काय झडती चाललीय?" वर्ग हसून हसून पडला. हात काढायला अवघड म्हणून मी प्रत्येकाचे लपवले होते, ते तुमच्या नजरेतून सुटणार थोडंच. मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही रंगांची एक पत्र्याची डबी दिलीत, आत तीनच रंग, गेरू, पिवळी माती आणि निळा. "एवढ्यात भागतं," म्हणालात. या वाळवंटात खरंच भागतं, हिरव्यावाचून काही अडत नाही.

आता कालचं सांगते. दुपारी एका जिन्याच्या कडेला सावली धरून समोरच्या घरांची रांग काढत होते. जुन्या फ्रेमा आणि पोस्टकार्डं विकणारी एक बाई दुकानातून बाहेर आली. पंचाहत्तरीची असेल, पांढऱ्या केसांची लांब वेणी. बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारलं, मी चित्रकला कुठे शिकले. मी तोंड उघडायच्या आत नवऱ्याने ताबा घेतला. ही गोष्ट त्याला तोंडपाठ आहे. गावातले ड्रॉइंगचे सर घरी आले, म्हणाले, पोरीला मुंबईला आर्ट स्कूलमध्ये पाठवा, हिच्या हातात कला आहे. वडील म्हणाले, नाही म्हणजे नाही. पोरीचं स्वप्न मोडलं, इंजिनिअर झाली, सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य घातलं आणि आता बघा! तो इतकं रंगवून सांगतो की मलाच माझी दया येते. बाईने छातीवर हात ठेवला. "ओ डिअर," म्हणाली, "माझेही वडील असेच होते." मग तिने मला आत नेलं, एक भिंत दाखवली आणि म्हणाली, मार्चमध्ये इथे तुझी चार चित्रं लावूया, आणि शेजारी एक कार्ड, त्यावर हीच गोष्ट, तुझ्या शब्दांत. नवरा आनंदाने लाल झाला. लेकीला तिथूनच फोन लावला, तर ती ओरडली, "मॉम! फायनली! आजोबांना दाखवायला हवं होतं!" आणि मला दोघांकडे बघवेना, मी पोस्टकार्डं चाळत राहिले.

कारण ती गोष्ट खोटी आहे, सर. आणि तिची सुरुवात तुमच्यापासून झाली.

तुम्ही आमच्या घरी आलात त्या संध्याकाळी बाबा तुम्हाला एवढंच म्हणाले होते, "विचार करतो." तुम्ही गेलात. आई भाकऱ्या थापत होती, बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसले होते, एसटीच्या कंट्रोलरचा खाकी शर्ट अजून अंगावर. दिवसभर स्टँडवर गाड्या पुकारून त्यांचा आवाज बसायचा, त्या बसक्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं? जायचं असेल तर जा. मुंबईला आत्या आहे, बाकी मी बघतो." मी म्हटलं, "नको." ते म्हणाले, "का गं?" मी म्हटलं, "मला इंजिनिअरिंगच करायचंय." त्यांनी जेवताना पुन्हा विचारलं. झोपायच्या आधी आणखी एकदा. मी तिन्ही वेळा नको म्हटलं. आणि सकाळी शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही मला थांबवून विचारलंत, "काय म्हणाले बाबा?" तुमचा चेहरा इतका आशेने उजळला होता की मीच नको म्हटलं हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी खाली बघून म्हटलं, "बाबा नको म्हणाले." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. बस, एवढंच. तेवढ्यावर मी पंचेचाळीस वर्षं काढली.

तुम्ही दर शनिवारी साताऱ्याला जायचात आणि गाडीला वेळ असला की बाबांच्या केबिनमध्ये बसून चहा घ्यायचात. ते तुम्ही बंद केलंत. एक दिवस बाबा घरी येऊन म्हणाले, "सर हल्ली आत येत नाहीत गं. बाहेर उन्हात उभे राहतात. मी बोलावलं तर ऐकू न आल्यासारखं करतात. माझं काही चुकलं का?" आणि मी, त्यांची लाडकी लेक, म्हणाले, "काय माहीत." पुढे ती गोष्ट हॉस्टेलवर सांगितली, तिथे मैत्रिणींनी गळ्यात हात टाकले. लग्न ठरताना नवऱ्याला सांगितली. अमेरिकेत तर ती घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या प्रत्येक पॉटलकला भाजीपोळीबरोबर वाढली. दर वेळी बाबा थोडे जास्त कडक आणि मी थोडी जास्त बिचारी. माझ्या साखरपुड्यात सासूबाईंनी सहज म्हटलं, एवढी छान चित्रं काढते, तिकडे का नाही घातलं? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "माझंच चुकलं." त्यांना कधी कळलं, कुणाकडून कळलं, मला माहीत नाही. पण कळलेलं होतं. आणि त्यांनी ते अंगावर घेतलं, आवाजही न चढवता. मला तेव्हा त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं होतं. ठेवलं नाही, फोटोग्राफर थांबला होता.

आई गेल्यावर, बारा वर्षांपूर्वी, ते दोन महिने आमच्याकडे आले होते. बॅगेत लोणचं नव्हतं, मेतकूट नव्हतं, एक ड्रॉइंगची वही आणि पेन्सिली होत्या. "घे, आता काढ," म्हणाले. आम्ही त्यांना जेरोमला नेलं. तेही असंच, डोंगराला लटकलेलं खाणीचं गाव, तिथला जुना तुरुंग उतारावरून घसरत खाली गेलाय. मी एका भिंतीपाशी बसले आणि पंचवीस-तीस वर्षांनी पहिली रेघ ओढली. सावली नव्हती. बाबा तासभर माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले, स्वतः उन्हात. मी म्हटलं, बसा हो बाबा. म्हणाले, "डेपोत उभंच असायचो." तेव्हा सांगायला हवं होतं. एवढा चांगला मोका आणि मी काय म्हणाले? "छत्री जरा डावीकडे घ्या." नऊ वर्षांपूर्वी तेही गेले.

इथपर्यंत लिहिलं आणि नवरा आला, कॉफीचे दोन कप आणि पायऱ्यांचा हिशोब घेऊन. "एकशे छत्तीस! वन थर्टी सिक्स! लिहिलंस का कार्ड?" मी म्हटलं, बस इथे. आणि सगळं सांगून टाकलं, वर तुम्हाला सांगितलं तसंच, तोडकंमोडकं. तो कॉफी न पिता ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी तुझ्या बाबांशी आयुष्यभर तुटक वागलो ते उगाच?" मी मान डोलावली. "जेरोमला मी पुढे पुढे चालत होतो. ते मागे एकटे स्पेलिंग लावून बोर्ड वाचत होते. मी बघितलं होतं, आणि थांबलो नाही." मला वाटलं, आता हा चिडेल. चिडलाही थोडा, कप आपटला. "आणि पोरीला आर्टला जाऊ दिलं ते तुझ्या बाबांसारखं व्हायचं नाही म्हणून! कर्म माझं! ती तिकडे मातीची भांडी करतेय ती तुझ्या थापेवर!" मग त्यालाच हसू आलं, मलाही आलं, आणि हसता हसता मी रडले, त्याने मला रडू दिलं. मग सांडलेली कॉफी पुसत म्हणाला, "पुढच्या शनिवारी जेरोमला जाऊ. तो तुरुंगाचा बोर्ड मी त्यांना नीट वाचून दाखवायला हवा होता."

कार्ड आत्ता लिहिलं. इंग्रजीतच लिहावं लागलं, तुम्हाला मराठीत सांगते. कराडमधल्या एका ड्रॉइंगच्या शिक्षकांनी मला बघायला शिकवलं. त्यांनी मला पुढे शिकायला पाठवा म्हटलं, आणि माझे वडील म्हणाले, जा. मीच गेले नाही. खूप वर्षांनी वडिलांनीच वही आणून दिली आणि डोक्यावर छत्री धरली. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "स्टोरीतला व्हिलन गेला की." मी म्हटलं, गेला नाही, जागा बदलली फक्त. त्या वेणीवाल्या बाईला आवडेल की नाही, देव जाणे. नाही आवडलं तर चित्रं घरच्या भिंतीवर लावीन, भिंती पुष्कळ आहेत. दुपारी लेकीला फोन करायचाय, तिला माझ्याच तोंडून कळायला हवं. एक मात्र कार्डावर लिहिलं नाही, मी का गेले नाही ते. आपल्या शाळेत माझ्यासारखं काढणारं कुणी नव्हतं, सर. मुंबईत सगळेच माझ्याहून चांगले निघाले असते तर? मी घाबरले होते. एवढंच होतं ते. त्यासाठी दोन चांगल्या माणसांचा चहा तोडला.

हे पत्र वहीतच राहील, पाठवायचं तरी कुठे. पण खोटं आणखी कशाला, एक खरं सांगून थांबते. सकाळी सहाला उठून मी दोनदा पत्राच्या सुरुवातीला "बाबा" एवढंच लिहिलं आणि दोन्ही पानं फाडली. तुम्हाला लिहिणं सोपं होतं.