तीन संघ, एक शिट्टी

१० नोव्हेंबर, सोमवार

मुख्याध्यापक महादेवराव सरांनी ऑफिसात बोलावलं. जिल्ह्यात किनबॉल नावाचा नवा खेळ सुरू होतोय. जानेफळहून आपल्या शाळेच्या मुलींचा संघ जाणार आणि पंच म्हणून माझं नाव. मला विचारून पाठवणार होते, पण आधीच पाठवलं म्हणाले. योग्यच आहे. तेवीस वर्षं कबड्डीची शिट्टी वाजवतोय.

खेळ मी पाहिलेला नाही. पण पंचाला खेळ माहीत असण्यापेक्षा पंचगिरी माहीत असावी लागते.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे, चौसष्ट पानं. रोज चार पानं म्हणजे सोळा दिवस. स्पर्धा १३ डिसेंबरला, खामगावात. म्हणजे रिव्हिजनही होईल. पहाटे पळणंही उद्यापासून.

१२ नोव्हेंबर

पान दोन.

खेळ असा आहे. मैदानात एकाच वेळी तीन संघ. चेंडू चार फूट उंच, वजन मात्र किलोभर. एका संघाच्या तिघींनी चेंडू धरायचा, चौथीने दुसऱ्या कोणत्या तरी संघाचा रंग ओरडायचा आणि चेंडू मारायचा. ज्यांचा रंग ओरडला त्यांनी तो जमिनीला टेकायच्या आत झेलायचा. टेकला तर उरलेल्या दोन्ही संघांना एकेक गुण.

मला हे पटलेलं नाही. चूक एकाची आणि फायदा दोघांचा! असोसिएशनला सुधारणा सुचवणारं पत्र लिहायला बसलो. दीड पान झालं. त्यामुळे वाचन राहिलं.

पळणंही राहिलं. थंडी.

१७ नोव्हेंबर

चेंडू आला. सगळ्यांना दाखवावा म्हणून स्टाफरूममध्येच ब्लोअर लावून फुगवला. फार देखणा दिसतो. बाहेर न्यायला गेलो तर दार तीन फुटांचं. आडवा केला. (गोल वस्तू आडवी करून फरक पडत नाही हे तेव्हा घाईत लक्षात आलं नाही.) शेवटी हवा सोडावी लागली. गणिताचे सर तोपर्यंत आत अडकले होते, त्यांचा तास बुडाला. त्यांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली म्हणे. दार बसवणाऱ्याची कुणी केली नाही.

घरी सांगितलं. पुष्पांजली म्हणाली, "अहो, आंधी दार मोजाव लागते, मंग फुगवाव लागते." बायकोला तांत्रिक बाबी समजत नाहीत. आमची पोरगी काजल हसत होती. ती शाळेच्या संघात आहे, नववीत असून दहावीच्या मुलींपेक्षा चपळ. पण हे तिला सांगायचं नाही. डोक्यात हवा जाते.

२१ नोव्हेंबर

इनडोअर खेळ, आणि गावात इनडोअर म्हणजे एकच जागा, मंगल कार्यालय. आज लग्न नव्हतं म्हणून मिळालं. मी नवरा-नवरीच्या स्टेजवर उभा राहिलो. वरून सगळं दिसतं.

मुलींचे तीन संघ पाडले. तीन संघ असले की डोळे कमी पडतात. कबड्डीत इकडे पाहायचं, तिकडे पाहायचं, संपलं. इथे इकडे-तिकडे पाहीपर्यंत तिसरीकडे काहीतरी होऊन गेलेलं असतं. ही खेळातली त्रुटी आहे. पत्रात लिहीन.

काजलने चेंडू मारला, मी फाउल दिला. ती म्हणाली, "बाबा, काऊन?" मी म्हणालो, मैदानात सर म्हणायचं. मग ती म्हणाली, "सर, बॉल खाली मारला त फाउल राहते. म्या सरळ मारला." मी दुसरा फाउल दिला, वाद घातल्याचा.

स्वतःच्या पोरीला दोन फाउल! याला निःपक्षपाती म्हणतात. बाकीच्या मुली एकमेकींकडे पाहत होत्या. आदराने.

२४ नोव्हेंबर

पान पाच. पुस्तक सापडत नव्हतं. काजलच्या दप्तरात निघालं. पेन्सिलीने खुणा, समासात मराठी अर्थ, थेट पान चौसष्टपर्यंत. शाळेच्या मालमत्तेवर लिहू नये असं बजावलं. वाचनाची आवड माझ्याकडून आली असावी.

तिच्या खुणा वाचायचा मोह झाला. वाचल्या नाहीत. पंचाने खेळाडूकडून नियम शिकणं बरं दिसत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज खामगावहून मतीन सर आले. जिल्ह्याचे मुख्य पंच तेच. वय असेल तिशीचं. पंचांची लेखी परीक्षा घेतली. चाळीसपैकी मला अकरा.

कारणं: प्रश्न फिरवून विचारले होते. पंखा थेट पेपरवर होता. आणि सहा प्रश्न पान पाचच्या पुढचे होते. (चौतीस असतील. मोजले नाहीत.)

मतीन सर अदबीने बोलले. म्हणाले, "सर, बुरा नका मानू, त्या दिवशी तुम्ही टाइमकीपर राहा." मी लगेच हो म्हणालो. विचार केला तर वेळेशिवाय कोणताच खेळ होत नाही. शिट्टीवाल्यालाही माझ्याकडे पाहावं लागणार. म्हणजे ही बढतीच.

पुष्पांजलीला सांगितलं. ती म्हणाली, "हाव." एवढंच.

८ डिसेंबर

घड्याळाचा सराव. सात मिनिटांचा डाव. कुकरवर करून पाहिला. डाळ लागली. पुष्पांजलीने स्वयंपाकघरात सराव करायला मनाई केली आहे.

काजल रोज संध्याकाळी अंगणात उशी फेकते आणि जमिनीला टेकायच्या आत लोळण घेऊन झेलते. दोन्ही कोपरं सोललीत. म्हणाली, "बाबा, पह्यला नंबर आला का राज्याले जाते टीम. आपल्या शाळेतून आजपर्यंत कोणीच नाही गेलं." मी म्हणालो, मेहनत कर. आणखी काही बोलायचं होतं, पण मी तेव्हा स्टॉपवॉच रीसेट करत होतो.

१३ डिसेंबर, शनिवार. खामगाव. संध्याकाळी ६, बसस्टँड

सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणी विचारलं तर नोंद हवी.

एक पंच आलाच नाही. मतीन सरांनी आजूबाजूला पाहिलं, परत पाहिलं आणि मग शिट्टी माझ्या हातात दिली. म्हणाले, "सर, फक्त तुमच्या साइडचं बघा. जे दिसलं तेच द्या." साधी गोष्ट.

फायनल जानेफळ, धाड आणि खामगाव. जानेफळ करडा, धाड काळा, खामगाव निळा. जानेफळचे पालक जीप करून आले होते. गावाला वाटलं असेल, आपले सर पंच, आता काळजी नाही. तिथेच मी ठरवलं की आज गावाला कळेल, पंच म्हणजे काय.

शेवटचं मिनिट. धाड आणि जानेफळ बरोबरीत. खामगावच्या मुलीने "करडा" ओरडून चेंडू मारला. तो माझ्याच कोपऱ्यात आला, चार फुटांचा, अंगावर. काजल धावत आली, लोळली. अशा क्षणी अनुभवी पंच कानावर विसंबतो. मला स्पष्ट "धप्" असं ऐकू आलं. शिट्टी दिली. करड्याची चूक.

काजल जमिनीवर पाठीवर पडलेली होती आणि चेंडू तिच्या पोटावर, दोन्ही हातांत. म्हणजे धप् तिचंही असू शकतं. पण शिट्टी एकदा वाजली की वाजली.

मतीन सर पलीकडून आले. म्हणाले, "सर, पक्कं पाह्यलं ना? मले तिकडून बॉल वर दिसला." मी म्हणालो, पक्कं. साइड माझी, निर्णय माझा. धाडला एक, खामगावला एक. धाड एका गुणाने जिंकलं.

काजल उठली. नियमाप्रमाणे पंचांशी हात मिळवला. माझ्याशीही.

परत जाताना जीपमध्ये जागा नव्हती. येताना होती. जानेफळवरून जाणारी मेहकरची एसटी सात वाजता आहे म्हणतात.

१४ डिसेंबर

निःपक्षपातीपणाची किंमत मोजावी लागते. पुष्पांजलीने चहा ठेवला आणि निघून गेली. दूधवाल्यानेही विचारलं, "सर, पोरीचाच घात केला काय हो?" त्याला नियम समजावून सांगणार होतो. कोणता, ते आठवलं नाही.

काजल नेहमीसारखीच आहे. जेवली, अभ्यास केला. रडली असती तर समजावता आलं असतं.

१५ डिसेंबर

महादेवराव सरांनी सर्व स्टाफसमोर माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. गणिताच्या सरांनी टाळ्या सुरू केल्या. मला ते कौतुक अजिबात आवडलं नाही. का, ते कळत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

काजलशी आज बोलायचंच असं ठरवलं. मुद्दे लिहून काढले: पंचाचं कर्तव्य, खेळाडूवृत्ती, पुढच्या वर्षीची संधी. सकाळी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. समोर बसलो. पहिला मुद्दा निघालाच नाही. म्हणालो, त्या दिवशी मला नीट दिसलं नाही, चेंडू एवढा मोठा, मध्ये आला.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "बॉल मधात नव्हता बाबा. तुम्ही डोये मिटले होते."

मी विचारलं, तुला कसं कळलं?

"मी पडल्या पडल्या तुमच्याचकडे पाहून राह्यली होती ना. हात कव्हा दाखवता म्हणून."

मग तिथेच मतीन सरांना का नाही सांगितलं, असं विचारलं. तिने पुढची शेंग उचलली. मग म्हणाली, "सगळ्याईसमोर तुमच्या हातातून शिट्टी घेतली असती त्याईनं."

मतीन सरांना दुपारी फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, निकाल आता बदलत नाही सर, धाडची नावं राज्याला गेली. मग म्हणाले, पण फोन केला ते बरं केलं. पुढच्या वर्षी पंच म्हणून या, असं म्हणाले नाहीत.

संध्याकाळी काजलच्या बाजूला बसून मीही शेंगा सोलल्या. पुष्पांजली म्हणाली, अर्ध्या दाण्यांना साल तशीच आहे. काजलने माझी वाटी ओढून घेतली आणि परत निवडायला बसली.