रोवण्यापुरती सूट

बाबूजी, तुम्ही रेल्वेचे रूळ सांभाळलेत, मी दवाखान्यात हृदयरोग्यांच्या तारखा सांभाळतो. दरेकसा ते केशोरी, कोणाला कोणत्या दिवशी इंजेक्शन, कोणाचा एको, नागपूरला न्यायची गाडी कुठून, सगळं माझ्याकडे. माणूस बारावी नापास, पण एकोचा रिपोर्ट मी स्वतः शिकून वाचतो. नवीन डॉक्टर विचारतात, "आप कौन से कॉलेज से?" तेव्हा छाती फुगते, खोटं कशाला सांगू.

तुमचा एक दिवस सारखा आठवतो. दुपारी ताटावरून तुम्ही हात धुऊन उठता, कारण बोगद्यापलीकडची, रूळ घट्ट धरून ठेवणारी एक लोखंडी चावी ठोकली की नाही, ते आठवत नाही. आई चुलीजवळून म्हणते, "खाऊन तरी जा. लोखंड का पळून जाते?" ऊन डोक्यावर घेऊन दोन कोस गेलात, परत आलात, "पक्की होती," म्हणालात आणि गार भात खाल्लात. मी हसलो होतो.

केशोरीकडची एक बाई आहे, वय सव्वीस. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झालेली. दर एकवीस दिवसांनी कंबरेत पेनिसिलिन. ते दोन दिवस ठणकतं, वाकता येत नाही. ऐन रोवण्यात, भातलावणीच्या दिवसांत, तिचा फोन आला, "भाऊ, सुई घेतली का धानाच्या बांधीत वाकवत नाही. माझ्यापायी साऱ्या बाया मागं राह्यतात. रोवणा होऊन जाऊ द्या ना." माझ्या यादीतल्या बाकीच्या बाया न सांगताच दांडी मारतात, हिनं विचारलं तरी. मी मनाशी हिशेब केला आणि डॉक्टरांना न विचारता म्हणालो, "बरं, दहा दिवसांनी ये. काही होत नाही."

आठव्या दिवशी ताप, सुजलेले सांधे, मग दम. आता झडप बदलल्याशिवाय इलाज नाही. दिवाळीनंतर नागपूरला डॉक्टरांनी तिला माझ्यासमोरच झापलं, "इंजेक्शन का चुकवलं?" तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "रोवणा होता, सर," एवढंच म्हणाली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नव्या झडपेला रक्त पातळ करायची गोळी जन्मभर लागते, एक दिवस चुकून चालत नाही. हिला एकवीस दिवसांची तारीख पाळता येत नाही. आधी सहा महिने नियमित येऊन दाखवू दे." सहा महिने तिच्याकडे आहेत का, हे रिपोर्ट वाचणाऱ्या मला कळतं.

खरं सांगितलं तर सूट देणारा तू कोण, हा प्रश्न येणार. काम जाईल. यादीतल्या बाकीच्यांना पाहणारा दुसरा कोणी नाही, असं मी स्वतःला समजावतो. त्यात अर्धं खरं, अर्धी मगरुरी. तिचा नवरा रोज फोन करतो, "तारीख लागली का, डॉक्टरसाहेब?" मी डॉक्टर नाही, हे मी त्याला कधी सांगितलंच नाही. सासूनं नव्या तांदळाची थैली पाठवली. स्वयंपाकघरात तशीच बांधलेली पडून आहे.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच एवढं तरी लिहवतं. डॉक्टरांनी इंजेक्शन चुकल्याचं कारण लेखी मागितलं होतं. तो फॉर्म परवा मीच भरून दिला. इतक्या वर्षांत माझ्या कागदात कोणाला चूक सापडलेली नाही, यातही सापडणार नाही. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं आहे: रुग्णाने स्वतःहून इंजेक्शन टाळले.