शिसवी पेन आणि दर गुरुवारचं अकोला

अहो,

काल मी अकोल्याला जाऊन आले. निघताना तुमच्या फोटोकडे बघितलंही नाही, इतका राग होता. आता परत येऊन कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

तुमच्या तेरवीला अकोल्याहून वंदना नावाची एक बाई आली होती. चाळिशीची असेल. ओळख ना पाळख, आणि माझ्याहून जास्त रडली! माझ्या हातातला शिसवी पेन बघून म्हणाली, "काकू, याची निब चालून राहिली ना बराबर?" हिला कसं ठाऊक? मी शाळेतून रिटायर झाले तेव्हा तुम्हीच तो दिला होता ना, "माझ्या हातानं घडवला" म्हणून?

मग एकेक आठवत गेलं. शेवटची दोन वर्षं दर गुरुवारी तुम्ही अकोल्याला जायचे. "पेनाचं लाकूड आनाले चाललो." अमरावतीत लाकूड मिळत नाही काय हो? आणि येताना पिशवी रिकामी! घरच्या लेथवर, तुमच्या लाकूड कातायच्या यंत्रावर, चादर टाकलेली. विचारलं की चिडायचे. माझ्यासमोर चहासुद्धा घेत नव्हते. मी तुमचे खिसे तपासले. हो, तपासले! शर्टाचा वासही घेतला. लाकडाच्या भुशाचा होता, तरी संशय गेला नाही.

काल विचारत विचारत वंदनाचं दुकान गाठलं. वडिलांच्या मागे तीच लेथवर लाटणी आणि पलंगाचे पाय घडवते. मी बसलेही नाही. "खरं सांग, हे तुझ्याकडे काहून येत होते?"

"काकू, काकांचे हात थरथरत होते. घरी एक डाव पटाशी सटकली, तवापासून एकट्यानं लेथ लावाचं भेव वाटे त्याईले. मले म्हने, घरी सांगू नको."

"म्हणजे माझा पेन तू घडवला!"

"नाई जी, त्याईनंच घडवला. मी निस्तं मनगट धरून राहिली."

मला पटलं नाही. माझं मन राखायला बोलत असेल! तेव्हा तिनं बिस्किटांचा एक डबा पुढे सरकवला. आत शिसवाचे अकरा तुकडे. कुठला भोक पाडताना चिरलेला, कुठला पटाशी रुतून फुटलेला. प्रत्येकावर पेन्सिलीनं माझं नाव, 'सुमन', लिहिलेलं, अक्षर हललेलं, पण तुमचंच.

मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

पण राग गेला नाही बरं! एवढी वर्षं फळ्यावर लिहिणारा माझा हात काय कमजोर होता? मनगट धरायला परकी बाई चालली, मी नाही? कपबशी वाजेल म्हणून तुम्ही चहा सोडला, आणि मी काय काय समजत बसले! तुम्ही लाजत राहिले, मी संशय घेत राहिले. शेवटची दोन वर्षं अशी घालवली आपण.

वंदनाला घरी बोलावलं आहे. तुमच्या लेथवर ती मला शिकवणार. आणि तुम्हाला शब्द देते, माझ्या हातून पेन फुटला की तुमच्यासारखं लपवणार नाही, त्याच दिवशी आपल्या लेकाला फोन करून सांगीन, फुटला म्हणून.

तुमचीच,
सुमन