तो मीच

प्रिय कविराज,

हुतात्म्याचा नमस्कार. दचकू नकोस, खाली बस, पाणी पी. अक्षर ओळखलंच असशील. कारखान्यात बाटल्यांच्या खोक्यांवर ‘सांभाळा, काच आहे’ असं आपण दोघं खडूनं लिहायचो, आणि तुझ्यापेक्षा माझं अक्षर बरं होतं. तू खोक्याच्या उरलेल्या कडेला दोन ओळी खरडायचास आणि मुकादमाच्या शिव्या खायचास. आता तुझी पोस्टरं लागतात. परवा एका भिंतीवर पाहिलं, गळ्यात मफलर, मूठ वर. शोभतो तुला मफलर. एवढ्या उकाड्यात घालतोस म्हणजे कमालच आहे. मला तुझा राग येतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोड बोलायला मी मोकळा.

संपात गेटसमोर माझ्या तोंडावर काठी बसली आणि मला फरफटत गाडीत टाकलं, हे तू पाहिलंस. मी मेलो असं तुला वाटलं, तेही मान्य. मलाही तसंच वाटलं होतं. पण तू चौकशी न करता कविता केलीस आणि दुसऱ्या दिवशी गेटवर उभा राहून म्हटलीस. संप तेव्हा डळमळत होता, निम्मे लोक कामावर परतायला निघाले होते. कवितेच्या शेवटी तू विचारलंस, तो कोण? गर्दीतून कुणीतरी ओरडलं, मीच! मग सगळेच ओरडले, आणि एकही माणूस आत गेला नाही. एक साहेब बापडा सांगत होता की तो मेलेला नाही, इस्पितळात आहे. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला असेल, तर लोकांनी त्याला चपला दाखवल्या.

इस्पितळात तू मोसंबी घेऊन आलास. माझा जबडा तारेनं बांधलेला, तेव्हा ती तूच सोलून खाल्लीस. म्हणालास, आत्ता तू जिवंत निघालास तर मालक म्हणेल, बघा, यांचं सगळंच खोटं. संप आजच मोडेल. तडजोड होईपर्यंत मेलेला राहा, चालेल ना? मी काहीच बोललो नाही. बोलणार कशानं? तू माझा हात दाबून आभार मानलेस. मी तुझ्या तळहातावर बोटानं लिहिलं, ‘आई’. तू म्हणालास, तिच्या कानात मी स्वतः सांगतो, अगदी आजच. तेवढ्या भरवशावर मी मरायला तयार झालो.

संप तुम्ही जिंकलात. मेलेल्याला हजेरीपटावर घेत नाहीत, म्हणून मी दुसऱ्या गावात भंगारातल्या बाटल्या धुवायला लागलो. जबडा असा तिरका बसला होता की जुने सोबती शेजारून गेले तरी ओळखत नव्हते. तू आपला ‘अजून थोडं थांब’ म्हणत राहिलास. कविता गावोगाव निघाली होती, आणि जाईल तिथं कुठलं ना कुठलं गेट बंद पाडत होती. चांगलंच झालं ते, मी नाही म्हणत नाही. आई भेटायला येत नाही याचं वाईट वाटायचं, पण म्हातारी गुपित राखतेय अशी मी मनाची समजूत घालायचो. मग तुमचा कार्यक्रम मी राहतो त्या गावात आला. मी मागे उभा होतो, आई स्टेजवर. काय रडली रे! म्हटलं, ही नाटकात असती तर नाव काढलं असतं. तू विचारलंस, तो कोण? मला राहवलं नाही. जीव खाऊन ओरडलो, मीच! शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, काका, तुमच्यासारखेच लोक हवेत.

त्यानंतर मी घरी गेलो. दार वाजवलं. तिनं विचारलं, कोण? मी म्हटलं, मीच. पुढचे दात नसल्यामुळे ते ‘मीस’ असं आलं. मोतीबिंदूनं तिचे डोळे गेलेलेच होते. ये बाळा, म्हणाली, चपला बाहेर काढ, पाणी पी. रोज दोघं-तिघं येतात, सगळे हेच सांगतात. मी तिला गुडघ्यावरच्या खुणेचं सांगितलं, साखरेच्या डब्याचं सांगितलं, ती मला डांबिस म्हणायची ते सांगितलं. ती हसली. किती छान पाठ करता रे तुम्ही पोरं, म्हणाली. माझं सगळं लहानपण मी तुला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं, कविराज. तू ते सगळं कवितेत घातलंस, माझ्यासाठी काहीसुद्धा शिल्लक ठेवलं नाहीस. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, जबड्यापाशी थांबली आणि म्हणाली, तुलाही मारलं होय रे? तेव्हा मला कळलं की स्टेजवर ती नाटक करत नव्हती. तू तिच्या कानात काहीच सांगितलं नव्हतंस.

तरी मी दर रविवारी जात राहिलो, त्या पोरांमधलाच एक म्हणून. तिची भांडी घासून द्यायचो, औषध द्यायचो. एकदा म्हणाली, तू फारच येतोस बाबा, तुला तुझी आई नाही का? जा, वाट बघत असेल ती.

ती गेली हे तुला माहीत आहे, पुढचा खांदा तुझाच होता. मीही आलो होतो. पुढे सरकलो तर एका पोरानं माझा दंड धरून मला अगदी आदरानं मागे घेतलं. म्हणाला, काका, बाजूला व्हा, मुलांना पुढे येऊ द्या. तू वळून पाहिलंस. मला ओळखलंस. आणि खांदा नीट घेऊन चालू लागलास.

आता ऐकतो की शनिवारी तिच्यावर नवी कविता म्हणणार आहेस, आणि शेवटी तोच जुना प्रश्न विचारणार आहेस. खुशाल विचार, मी कार्यक्रम बंद पाडणार नाही. आता कुणासाठी जिवंत व्हायचं? पण मी येणार. या शनिवारी आणि इथून पुढे प्रत्येक वेळी येणार, हे सांगायलाच लिहितोय. हजार माणसं स्वच्छ ‘मीच’ म्हणतील, त्यात एक ‘मीस’ असेल. लोकांना तो ऐकू जाणार नाही. तुला जाईल. तू मूठ वर कर आणि कविता पुढे म्हण.

तुझाच,
तो