आमची हरकत मागे

प्रिय वकीलीणबाई,

जिंकलीस गं पोरी, जिंकलीस! काल सकाळी आपल्या टॅक्सी स्टँडच्या फळ्यावर तुमच्या परिवहन खात्याच्या माणसाने तुझा नियम चिकटवला आणि डिंक वाळायच्या आत मी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘गाडीत पुढे अथवा मागे बसणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीने सीटबेल्ट लावणे सक्तीचे आहे.’ दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायची काही गरज नव्हती, पण आपला मिशा ड्रायव्हर म्हणाला की नीट ऐकू आलं नाही. मग काय, मी खिडकीतला बुकिंगचा फोन बाजूला ठेवला आणि शाळेत कविता म्हणावी तसा खणखणीत आवाजात म्हटला. नियम मंजूर झाल्याचं तुला ऑफिसात कळलंच असणार. पण तो कसा मंजूर झाला हे कागदावर येत नाही. वडील हरकत घेणारे आणि मुलगी नियम लिहिणारी, हे बरं दिसत नाही म्हणून साहेबांनी तुला या वेळच्या सुनावणीला येऊ दिलं नाही. आणि मी फोनवर सांगायला जावं, तर ‘बाबा’ म्हटलं की तू ‘आई, ठेवते’ म्हणतेस. म्हणून लिहिते आहे. आता कागदाचं तोंड काही तुला बंद करता यायचं नाही.

पहिली सुनावणी तू विसरली नसशील, मीही नाही. एवढा अभ्यास करून तू मसुदा केलास, आणि तुमच्या भाषांतरवाल्या पंडिताने सीटबेल्टचं शुद्ध मराठी केलं ‘कंबरपट्टा’! प्रत्येक प्रौढ व्यक्तीने गाडीत कंबरपट्टा घालणे बंधनकारक! तुझे बाबा स्टँडचे अध्यक्ष, त्यांना आयतंच कोलीत मिळालं. उभे राहिले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘साहेब, सरकारने आमच्या कमरेची एवढी काळजी केली, आभारी आहोत. फक्त तो सोन्याचा घालायचा की चांदीचा, तेवढं सांगा.’ सभागृह हसून हसून लोळलं. मसुदा परत गेला. सगळे हसत होते आणि तू एकटी टेबलाशी फायली आवरत होतीस, ते मला दिसत होतं. त्या दिवसापासून तू घरी आली नाहीस. बाबा महिनाभर म्हणत राहिले, ‘मी शब्दाला हसलो, तिला कुठे हसलो?’ मी म्हटलं, शब्द तिच्या नावाने आला होता, तेव्हा लागायचा तिथेच लागला.

खोटं कशाला बोलू, बाबांचं म्हणणं मला अर्धं पटत होतं. रोज जेवताना ऐकत होते ना! लहान मुलांना सक्ती करा, म्हणायचे, दोन्ही हातांनी पाठिंबा देतो, पोरांना काय कळतंय. पण मी केस पिकलेला माणूस, मला सरकार आईसारखं ‘पट्टा लाव, स्वेटर घाल’ करणार? माझा जीव, माझी हाडं. आज बेल्ट लावा म्हणताय, उद्या तळलेलं खाऊ नका म्हणाल, परवा दहाला झोपा म्हणाल. यात अगदीच काही नाही असं नाही बरं का. आपण निवडून दिलेल्या माणसांनी आपल्याच कानाला धरून बसवावं हे कुणाला आवडेल? पण हा स्वातंत्र्यवीर स्वतःच्या टॅक्सीत कसा वागतो, ते तू लहानपणापासून बघतेस. चढताना पायपुसण्यावर पाय पुसा. दार आपटू नका. ओली छत्री बाहेर झटका. गाडीत काही खायचं नाही. एकदा एका न्यायाधीशबाईंच्या हातातलं बिस्किट त्यांनी खाली ठेवायला लावलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आणि स्वतःचा बेल्ट? तो त्यांनी कधीचा पाठीमागून अडकवून ठेवलेला. त्यावर रेलून बसलं की गाडी टुंग टुंग करत नाही. सगळ्या स्टँडची तीच रीत. मिशाने तर कमाल केली, शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत आडवी काळी पट्टीच शिवून घेतली, लांबून पोलिसाला वाटावं की बेल्ट आहे. त्याच्या बायकोने ती शिवून दिली आणि वर म्हणाली, ‘उद्या आपटलात तर पट्टीला टाके घालून देईन, तुम्हाला नाही.’

आता आत्याची गोष्ट ऐक, ही तुला कुणीच सांगितलेली नसणार. गेल्या महिन्यात आम्ही आत्याला तिच्या घरी सोडायला निघालो होतो. ती बाबांच्या मागे बसलेली, मी तिच्या शेजारी. गल्लीतून एक सायकल आडवी आली आणि बाबांनी कचकन ब्रेक मारला. सायकलवाला वाचला, पण आत्या जी पुढे गेली ती थेट बाबांच्या सीटवर, आणि बाबा स्टिअरिंगवर. आत्याचा देह तुला माहीत आहे. गाडी रिक्षाच्या वेगाने चालली होती म्हणून बरगड्यांना नुसता मुका मार बसला. पंधरा दिवस मी मलम चोळत होते आणि हे स्टँडवर सांगत होते, ‘न्हाणीघरात पाय घसरला!’ आत्यालाही दम भरला होता, कुणापाशी बोलायचं नाही म्हणून.

तर परवाची सुनावणी. तेच सभागृह, तोच खर्जात घुमणारा पंखा, तेच चष्मेवाले साहेब. या वेळी मसुद्यात साधं सरळ ‘सीटबेल्ट’ लिहिलेलं, त्यामुळे बाबांचं हत्यार गेलं होतं. पण माणूस बोलण्यात हरणारा नाही. उठले, ‘माझा जीव, माझी हाडं’ सगळं झालं, तळलेलं झालं, दहाला झोपणंही झालं. टाळ्या पडल्या. साहेबांनी विचारलं, ‘आणखी कुणाला बोलायचं आहे?’ आणि अगं, मी उभी राहिले! माझी मलाच खबर नव्हती. आणि तोंड चालू झालं. म्हटलं, साहेब, मी यांची बायको, स्टँडच्या खिडकीत बसते. यांची हाडं यांची आहेत म्हणतात, मग गेल्या महिन्यात ती बहिणीच्या ताब्यात कशी गेली तेवढं विचारा. पहिल्या रांगेतल्या आत्याला काय झालं कुणास ठाऊक, ती ताडकन उठली. ‘माझ्या वजनाचा विषय काढायचं काम नाही! मागे बेल्ट लावला असता तर मी गेले असते का याच्या अंगावर? मी ओढायला गेले तर हाच म्हणाला, राहू दे गं ताई, मागे कोण लावतं!’ सभागृहाची मुरकुंडी वळली. न्हाणीघरात पाय घसरलेला माणूस भर सभेत घसरला. बाबांचे कान लाल झाले होते, पण तेही हसत होते. अजून त्यांना वाटत होतं की ही नुसती थट्टा चालली आहे.

मला तिथे बसून जाता आलं असतं. पण मनात साठलेलं होतं ते बाहेर आल्याशिवाय राहीना. मी म्हटलं, साहेब, हसून झालं असेल तर खरं सांगते. आमच्या स्टँडवर मागे बसलेलं गिऱ्हाईक बेल्टला हात घालतं ना, तेव्हा आमचा ड्रायव्हर आरशातून बघून म्हणतो, ‘काय साहेब, आमच्या हातावर भरवसा नाही का?’ बिचारं गिऱ्हाईक ओशाळतं आणि बेल्ट सोडून देतं. मूर्ख नसतं ते. त्याला भीड पडते. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे तर ती जिवाची वैरीण झाली आहे. लहान मुलाला भीड नसते, म्हणून त्याला आईचा दम पुरतो. भीड मोठ्या माणसांना असते, म्हणून सक्ती मोठ्या माणसांनाच हवी. उद्या यांनी तसं विचारलं तर गिऱ्हाइकाला म्हणता येईल, ‘भरवसा आहे हो तुमच्यावर, पण काय करणार, कायदा आहे!’ तेवढं एक वाक्य सरकारने लोकांना द्यावं. आणि साहेब, गिऱ्हाइकाचं राहू द्या. लग्न झाल्यापासून मी यांच्या गाडीत मागे बसते आणि प्रत्येक वळणाला मला भीती वाटते. आजतागायत एकदाही मी बेल्ट लावलेला नाही. यांना वाईट वाटेल म्हणून.

मला वाटलं, झालं, घरी जाऊन आता महाभारत. बाबा माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं गं त्यांनी. राग नव्हता त्यात. मला भीती वाटते हे त्यांना माहीतच नव्हतं. सगळी दुनिया ज्याच्या हातावर डोळे मिटून बसते त्या माणसाची बायको डोळे उघडे ठेवून मूठ आवळून बसते, हे त्यांना चारचौघांत कळलं. ते हळूच उठले. सगळे ड्रायव्हर कान टवकारून बसले होते, अध्यक्ष आता काय टोला हाणतात म्हणून. बाबा म्हणाले, ‘आमची हरकत मागे.’ बस्स. तीनच शब्द. मग मागे वळून आपल्या लोकांना म्हणाले, ‘ज्याची बायको घाबरत नसेल त्याने आपली हरकत चालू ठेवावी.’ एकानेही हात वर केला नाही. मिशाने तर शर्टावरची पट्टी हाताने झाकून घेतली. साहेबांनी चष्मा पुसला आणि कागदावर सही केली. मी खाली बसले तेव्हा आत्याने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं अजून दुखताहेत. मला आयुष्यात कुठलं बक्षीस मिळालेलं नाही, पण त्या क्षणी मी कुणाला भाव दिला नसता!

काल दिवसभर स्टँडवर नुसती धमाल. सीटखाली वर्षानुवर्षं दबलेले बेल्ट ओढून काढणं चाललं होतं. एकाच्या गाडीत त्याच्या थोरल्याचं हरवलेलं खेळण्यातलं इंजिन सापडलं, तो पोरगा आता स्वतः नोकरीला लागलाय. बाबांनी गाडीच्या मागच्या सीटवर मला बसवलं, माझा बेल्ट स्वतःच्या हाताने लावला आणि स्टँडभोवती एक चक्कर मारून आणली. वळणावर आरशातून बघून विचारलं, ‘ठीक?’ मी म्हटलं, ठीक. घरी येऊन मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले, आणि मग मस्त झोपले.

आता एक काम कर. हे पाकीट उलटसुलट करून बघ. टपालाचा शिक्का आहे का कुठे? नाही ना? नियम आजपासून लागू झाला आणि आज सकाळी बाबांनी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. म्हणाले, पहिली सवारी तिची. मी म्हटलं, मग जा ना. तर हा सभा गाजवणारा गडी म्हणतो, ‘तिने दार लावून घेतलं तर?’ म्हणून मी हे पत्र लिहायला बसले. त्यांना सांगितलंय, बेल वाजवू नका, पाकीट दाराखालून सरकवा आणि खाली जा. गाडीत बसा, बेल्ट लावा, आणि ती स्वतः खाली येऊन ‘बाबा, सोडा आता’ म्हणत नाही तोवर तो सोडायचा नाही. तू एवढं वाचेपर्यंत ते खाली तसेच बांधून बसलेले असतील. मुलीच्या नियमाबाहेर आता जायचं नाही म्हणतात. जा गं.

तुझीच,
पहिल्यांदाच सभेत बोललेली
आई