गुरुवारची खुर्ची

१५ जानेवारी १९९८, गुरुवार. सायं. ७.४५

पापडी गावाहून परतलो. चित्त विषण्ण. रेव्हरंड जॉन व एमिलीबाई हे मिशनरी दांपत्य स्कॉटलंडला कायमचे प्रस्थान ठेवणार. एकतीस वर्षे दवाखाना चालवला. आता मिशनने निवृत्त केले. १० फेब्रुवारीचे विमान. ही वार्ता मला कोणी द्यावी? माणिकपूरच्या रिक्षावाल्याने! जॉनसाहेबांना जाब विचारला. म्हणाले, "मागचे तीन गुरुवार सांगणार होतो, मास्तर. पण तुम्ही बोलत होता."

बावीस वर्षे, दर गुरुवारी पाच ते सात, मी या गृहस्थास विशुद्ध मराठीचे अध्यापन करीत आहे. विनावेतन. ते बाकावर, मी त्यांच्या सागवानी आरामखुर्चीत. (एमिलीबाईंना नेमके पाचलाच दवाखान्यात काम निघते. योगायोग.) इतका एकाग्र श्रोता शाळेच्या सत्तावीस वर्षांत लाभला नाही. पुष्कळदा ते नेत्र मिटून ऐकतात.

संकल्प: निरोप समारंभाचे मानपत्र मीच रचणार. उत्तरादाखल ते मला जाहीरपणे गुरू म्हणतील. आणि ती खुर्ची गुरुदक्षिणा म्हणून माझ्या घरी येईल. मागणार नाही. मागणे हीन.

१९ जानेवारी, सोमवार

किळसवाणा प्रकार. एमिलीबाईंनी औषधाच्या बाटल्यांची उरलेली लेबले घेऊन घरातील प्रत्येक वस्तूवर ती नेणाऱ्याचे नाव चिकटवण्यास प्रारंभ केला आहे. वस्तू मिळणार त्यांच्या प्रस्थानानंतर. सबंध पापडी निकाल पाहायला यावी तशी लोटली आहे. कोणी कढई उलटी करून पाहतो, कोणी पलंगाखाली वाकतो. मनुष्यस्वभावाचा उबग आला.

मीही गेलो होतो. केवळ निरीक्षणार्थ. खुर्चीच्या चारही पायांवर, पाठीमागे, बैठकीखाली लेबल नाही. विलंब हा आदराचा द्योतक होय.

घरी येऊन दाराची रुंदी मोजली. अडतीस इंच खुर्ची, छत्तीस इंच दार. सौ. मनोरमा म्हणाली, "ती आत आली तर आपल्यापैकी एकाला बाल्कनीत संसार थाटावा लागेल." कोणाला, ते विचारले नाही.

२५ जानेवारी, रविवार

निरोप समितीची सभा. सेक्रेटरी सिप्रियन, केळीचा बागायतदार. माणूस सरळ, पण रसग्रहण शून्य. मी मानपत्राच्या चौसष्ट ओळींपैकी पहिली चारच वाचली. सिप्रियन म्हणाला, "सर, तीन मिनिटं हां. नंतर भुजिंग आहे. थंड झालं की मजा जाते."

एकतीस वर्षांच्या सेवायज्ञाची सांगता पोह्यांत घोळलेल्या कोंबडीने! शिसारी आली. समारंभात अन्न वर्ज्य करण्याचा निर्धार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मानपत्र सोनेरी फ्रेममध्ये तयार. तीन फूट बाय दोन, वर जाड काच. रिक्षात मावेना म्हणून मनोरमा उतरली व फ्रेम बसली. ती घरी पायी पोहोचली तेव्हापासून संभाषण स्थगित.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सायं. ७.३०

अंतिम अध्यापन. विषय: निरोपाची शिष्टभाषा. जॉनसाहेब दोनदा "वा" म्हणाले, त्यांपैकी एकदा मी चहा पीत असताना.

खुर्चीवर लेबल लागले आहे. त्यावर नाव: जयराम.

जयराम म्हणजे मिशनचा माळी. मागच्या वाडीत राहतो, विहिरीचे पाणी काढतो, माड शिंपतो, आणि 'पाणी' या शब्दाचा आयुष्यभर खून करतो. प्रथम लेबल दोनदा वाचले. परंतु शांतचित्ताने विचार करता उलगडा झाला. खुर्ची अवजड. माझ्या घरापर्यंत ती वाहून आणणार कोण? जयराम. लेबलावर हमालाचे नाव आहे. पाश्चात्त्य लोक असल्या बाबतींत अत्यंत पद्धतशीर.

मनोरमेला सांगितले. पंख्याकडे बघत राहिली.

८ फेब्रुवारी, रविवार. रात्रौ ९.००

समारंभ झाला. लाउडस्पीकर निवडणुकीच्या प्रचाराला गेलेला. मी उच्चरवाने मानपत्र वाचू लागलो. नवव्या ओळीला उत्स्फूर्त टाळ्या. दहाव्या ओळीला अधिक. बाराव्या ओळीपासून टाळ्या इतक्या अखंड की सिप्रियनने माझा दंड धरून मला खाली बसवेपर्यंत त्या थांबल्याच नाहीत. असे भाग्य क्वचित.

नंतर जॉनसाहेब उठले. मी रुमाल काढून सज्ज.

ते म्हणाले, "आमी हितं आलो तवा आमाला पानी मागाया पन येत नव्हतं. या जयरामानं शिकवलं." आणि पुढची दहा मिनिटे सर्व त्याच बोलीत! विहीर, दवाखाना, साथीत गेलेली तीन मुले, पहिले बाळंतपण. सभा रडली. बायका पदर तोंडाला लावून रडल्या. सिप्रियन भुजिंगाच्या परातीवर रडला. बावीस वर्षांच्या माझ्या मशागतीतून हे उगवले. संताप आला. डोळ्यांतही काहीतरी गेले. बहुधा मसाल्याचा धूर.

माझा उल्लेख झाला. "मास्तरानं बावीस वरसं येक गुरवार चुकवला नाय. मला ताप होता तवा पन आले." येथे सभा मोठ्याने हसली. एमिलीबाई सर्वांत जास्त. कारण अज्ञात. 'गुरू' हा शब्द भावनावेगात राहून गेला असावा.

भुजिंग दोन प्लेट. निषेधाची धार बोथट होऊ नये म्हणून कोणाशी न बोलता खाल्ले.

१० फेब्रुवारी, मंगळवार. दुपार

गेले. गाडीभोवती एवढी गर्दी की मला त्यांचा फक्त हात दिसला. तोही एका म्हातारीने धरलेला.

सिप्रियन फ्रेम घेऊन घरी आला. विमानात माणशी वीस किलोच सामान नेता येते. एमिलीबाईंनी मानपत्र दवाखान्यात बाळे तोलायच्या काट्यावर ठेवले: नऊ किलो दोनशे. फ्रेमवर औषधाचे लेबल. त्यावर एमिलीबाईंच्या अक्षरात: जगन्नाथ मास्तर.

म्हणजे वाटपात मला माझेच मानपत्र मिळाले. चौसष्ट ओळी, त्यांपैकी बावन्न अद्याप कोणीही न ऐकलेल्या.

मनोरमेने ते पलंगामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवले. म्हणाली, "खुर्ची कधी येते?"

"जयराम सवडीने आणेल," म्हणालो. तिने चहा मात्र न मागता केला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सायं. ७.३०

केवळ पाय मोकळे करण्यासाठी बाहेर पडलो. पाच वाजता पापडीत होतो. पायांना सवय, माझा दोष नाही.

दवाखान्याला कुलूप. मागे जयरामाच्या ओट्यावर खुर्ची. स्वच्छ पुसलेली, रिकामी. तो स्वतः जमिनीवर बसून नारळ सोलत होता. "बसा मास्तर," म्हणाला, "तुमचीच वाट बगत व्हतो." बाजूला चहा झाकून ठेवलेला. दोन बिस्किटे.

मी कठोरपणे विचारले, ही खुर्ची माझ्या घरी कधी पोहोचवणार? तो गोंधळला.

"तुमच्या घरी? नाय मास्तर. सायबांनी मलाच दिली. बोलले, जयराम, खुर्ची तुला, पन ती मोकली नाय मिलत. मास्तर बी तिच्यासंगं. दर गुरवारी पाच ते सात. मधी मधी 'वा' बोलायचं." मग जरा घुटमळून म्हणाला, "एमिलीबाय बोलली, डोला लागला तरी चालंल, पन घोरायचं नाय. सायेब येकदा घोरले व्हते, तुमी थांबला नाय."

मी खुर्चीत बसलो. बोलण्यासाठी मुख उघडले. विषयही योजलेला होता. माडांत सूर्य उतरत होता. जयराम एकामागून एक नारळ सोलत होता. सात वाजेपर्यंत मी एक अक्षरही उच्चारले नाही.

साडेसहाच्या सुमारास जयराम, मान वर न करता, "वा" म्हणाला.