चौदा खिडक्या आणि बिजागरी एकही नाही

तीर्थरूप आत्या,

इथूनच तुझ्या दोन्ही पायांना हात लावतो. (हात धुतलेले आहेत.) तुझा गुडघा कसा आहे? खोकला गेला का? डोळ्यांत औषध घालतेस, की बाटली नुसती जपून ठेवली आहेस? मी इथं खुशाल आहे, वेळेवर जेवतो, वजन घटलेलं नाही. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. ‘जेवलास का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो, की लगेच ‘बिल वाढतंय, ठेव’ म्हणून तूच ठेवून देतेस. (बिल आता तसं वाढत नाही हे मी तुला तीनदा सांगितलंय, पण तेही फोनवरच, म्हणजे अर्धंच.) म्हणून हे पत्र. सातवीत शाळा सुटल्यापासून मी सलग एक पानसुद्धा लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच चष्मा काढून ठेवू नकोस.

काळजी करण्यासारखं काही नाही. आमच्या इमारतीत आग लागली होती, पण ती विझली. नुकसान कोणाचंच झालं नाही. म्हणजे एक इस्त्री, एक टेबल, शाळेचे अकरा शर्ट आणि मी, एवढंच. पण पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू अर्ध्यावर कपाळाला हात लावशील.

आमच्या तळमजल्यावर एक रिटायर झालेले कंपाउंडर राहतात. त्यांना आम्ही सायरन म्हणतो (पाठीमागे). जन्मभर त्यांनी लोकांना बाटलीवरच्या खुणेबरहुकूम औषध दिलं, आता बातम्या देतात आणि त्यांना खूण नाही. सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून फोनवर एक ग्रुप आहे, त्यावर सकाळी दात घासायच्या आत त्यांची पहिली बातमी येते. तर मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत कोणीतरी खिडकीतून हात घालून भिंतीवरचं घड्याळ नेलं. सकाळी सायरनच्या बातमीत एक चोर होता. दुपारपर्यंत त्याची टोळी झाली, आणि संध्याकाळी टोळीकडे शिडी आली. त्यामुळे आमच्या गल्लीत काम करणाऱ्या बिचाऱ्या रंगाऱ्याला लोकांनी दिवसातून दोनदा अडवून चौकशी केली. तिसऱ्यांदा तो इतका वैतागला की शिडी आमच्याच जिन्याखाली ठेवून, ‘घ्या, तुम्हीच सांभाळा’ म्हणून निघून गेला. आता चोरांची शिडी आमच्याच घरात, म्हणून लोक आणखी घाबरले.

आता यात माझी काय चूक झाली ते सांगतो. तुला माहीत आहे, मला गप्प बसवत नाही. दोन वर्षं मी या इमारतीत ‘वरच्या खोलीतला’ एवढाच होतो, नावानं कोणी हाक मारायचं नाही. पण वेल्डिंग करणारा पूर्ण इमारतीत मी एकटा. मी ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांच्या खिडक्यांना मी ग्रिल बसवून देतो. मी कामाला जातो त्या वेल्डिंगच्या दुकानाच्या मालकांनी उरल्यासुरल्या सळया दिल्या, मशीनही दिलं, आणि मी सुट्टीच्या दिवसांत मिळून चौदा खिडक्या केल्या. आत्या, काय सांगू, ज्या बायका माझ्या बुटांच्या आवाजाला नावं ठेवायच्या त्या मला बसायला खुर्ची द्यायला लागल्या! ग्रिलला एक उघडतं दार ठेवावं, बिजागरी लावावी, असं माझ्या मनात आलं होतं. (खरंच आलं होतं. हे मी आता सुचलं म्हणून लिहीत नाही.) पण सायरन म्हणाले, “अरे, जे उघडतं तिथूनच चोर येतो. गच्च कर, गच्च.” मी गच्च केलं. सळयांमध्ये चार-चार इंचांची फट, बास. वर त्यांनी सगळ्यांना दोन सल्ले दिले. एक, दारांना बाहेरून लोखंडी पत्रा मारून घ्या. दोन, घराची जादा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवत असाल तर ती परत घ्या, कारण टोळीचा माणूस आपल्यातलाच असतो. पत्रे मीच मारले. किल्ल्या ज्यांनी त्यांनी परत घेतल्या, आणि दोन दिवस जिन्यात कोणी कोणाकडे बघितलं नाही.

पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक काकू राहतात, एकट्याच. दमेकरी आहेत. माझ्या आखूड पँटींची दुमड सोडून लांब करून देतात आणि वर बोलणीही देतात. त्यांच्याकडे खिडकीतून एक मांजर यायचं, ते ग्रिलपाशी येऊन फट मोजायचं, आणि माझ्याकडे असं बघायचं की मीच त्याचं घड्याळ नेलंय. काकूंच्या घराची जादा किल्ली त्यांच्या समोरच्या बसड्रायव्हरच्या बायकोकडे असायची. तीही काकूंनी परत घेतली होती.

मंगळवारी दुपारी मी दुकानात डबा खात होतो. ड्रायव्हरचा फोन आला, “काकूंच्या घरात धूर आहे, तू ग्राइंडर घेऊन पळ.” ग्राइंडर म्हणजे लोखंड कापायचं हातातलं मशीन. का आणायचं ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, घास तसाच खाली ठेवला. काकू इस्त्री चालू ठेवून मशीनवर बसल्या होत्या, आणि इस्त्रीचं टेबल नेमकं दाराशी. खाली ठेवलेल्या कपड्यांनी पेट घेतला तेव्हा दार आगीच्या पलीकडे आणि काकू खिडकीच्या अलीकडे. बाहेरून दार उघडायला किल्ली नाही. ड्रायव्हरनं तीनदा खांदा मारला, पण पत्रा मी मारलेला होता, तो कसला हलतोय! (खांदा हलला. अजून झोळीत आहे.)

मी पोचलो तेव्हा काकू ग्रिलला चिकटून खोकत होत्या आणि खोकता खोकता शाळेचे शर्ट एकेक करून फटीतून खाली टाकत होत्या. खाली अख्खी गल्ली शर्ट झेलत होती. कपडे बाहेर येत होते, बाई येत नव्हती. आत्या, मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी वाकड्या केल्या, पण आपणच केलेली सरळ गोष्ट कापायची पाळी पहिल्यांदाच आली.

रंगाऱ्याची शिडी लावली. ग्राइंडरला वायर पुरेना, तेव्हा पाच घरांतून पाच वायरी आल्या, एकीत एक खोचून खिडकीपर्यंत आणल्या. (ज्यांनी किल्ल्या परत घेतल्या होत्या त्याच घरांतून.) तोवर बायकांनी पाण्याची रांग लावली. पण बादली चार इंचांतून जात नाही. तांब्यासुद्धा जात नाही. जातो तो फक्त पेला. मग काय, नळापासून शिडीपर्यंत माणसं उभी, आणि एकेक पेला हातोहात वर. मी तो फटीतून आत द्यायचो, काकू ओतायच्या आणि रिकामा पेला परत द्यायच्या. त्यातही एक पेला परत आला तो त्यांनी पुसून दिला! ड्रायव्हरची बायको खालून ओरडत होती, “अहो काकू, पुसता काय! ओता!”

दोन पेल्यांच्या मधे मी कापत होतो. तुला सांगितलं होतं ना, मालक मला रोज टोचतात, ‘तू लोखंड जोडत नाहीस, चिकटवतोस.’ दोन वर्षांत माझ्या एका जोडाला त्यांनी बरं म्हटलेलं नाही. आणि इथले जोड मात्र नेमके खरोखरच जोडलेले निघाले! एक चकती झिजली, दुसरी झिजली, सळई काही सुटेना. माझ्यामागोमाग दुकानातून आलेले मालक शिडी धरून खाली उभे होते, त्यांच्या तोंडून निघून गेलं, “काम मात्र पक्कं केलंस रे.” दोन वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो असा आला. आतून काकूंचं वेगळंच, “ठिणग्या इकडे नको, तो कोट गिऱ्हाइकाचा आहे!” आणि मग त्या एकदम बोलायच्या थांबल्या. ग्रिलवरची त्यांची बोटं तेवढी दिसत होती. ती मी मोजत होतो, कापत होतो आणि मोजत होतो. आठ होती. मग सहा. मी काय काय बोललो ते मला आठवत नाही, खालचे लोक सांगतात की मी काकूंना ‘आत्या’ म्हणून हाका मारत होतो.

चौथी सळई सुटली तेव्हा त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. अग्निशमनवाले आले तोवर त्या पायरीवर बसून शर्ट मोजत होत्या. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं, आता बऱ्या आहेत. उरलेली आग अग्निशमनवाल्यांनी विझवली. (ते म्हणाले, निम्मी तुमच्या पेल्यांनीच गेली होती.) मग त्यांच्या साहेबांनी वर बघितलं आणि विचारलं, “हे असं ग्रिल कोणी बसवलं?” आत्या, जिन्यात चाळीस माणसं असतील. एकानंही माझं नाव घेतलं नाही. सायरन, जे न विचारता सगळं सांगतात, ते म्हणाले, “ते आधीपासूनच होतं.” ड्रायव्हर म्हणाला, “आम्ही आलो तेव्हापासून.” आणि मी सगळ्यांच्या मध्ये उभा, हातात ग्राइंडर, भुवया जळालेल्या. म्हणालो, “मी बसवलं साहेब.” ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की आतून हातानं उघडेल असं दार पाहिजे, एक मोठा माणूस सहज जाईल एवढं, आणि चौदाच्या चौदा खिडक्यांना.

तेच आता चाललंय. काकू घरी आल्या त्या टेप घेऊनच. मी म्हटलं, अंदाजानं दोन फूट ठेवतो. त्या म्हणाल्या, “तुझा अंदाज बघितला मी आतून.” मग त्या दारोदार फिरून प्रत्येक घरातल्या सगळ्यांत जाड माणसाचं माप घेऊ लागल्या. त्यावरून प्रत्येक घरात भांडण, कारण जाड कोण हे ठरेना. सायरननी पोट आत घेऊन माप दिलं. काकू टेप धरून तशाच उभ्या राहिल्या, “सोडा आता श्वास. आगीत किती वेळ धरून बसणार आहात?” सोडला, तर चार इंच वाढले. त्यांच्याच खिडकीला सगळ्यांत मोठं दार केलंय. किल्ल्याही परत समोरच्या समोर ठेवल्यात, आणि त्या ग्रुपवर आता सायरन सकाळी बातमी देत नाहीत, विचारतात, ‘इस्त्री बंद आहे का?’ मला आता सगळे नावानं हाक मारतात. शिव्या घालतानाही नावानंच.

तर असं आहे. बाकी सगळं ठीक. तू तब्येतीला जप. माझी काळजी करू नकोस.

तुझा भाचा

ता. क. : साहेबांनी मला आणखी एक विचारलं होतं, ते वर लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं. त्यांनी विचारलं, “या चौदांशिवाय आणखी कुठं बसवलंस?” मी नाही म्हणालो. जिना चढता चढता आठवलं आणि मी पायरीवरच बसलो. मागच्या सुट्टीत आलो होतो तेव्हा तुझ्या आतल्या खोलीला मी ग्रिल बसवलं. तू किती जणांना बोलावून बोलावून दाखवलंस! आत्या, त्यालाही बिजागरी नाही. त्या खोलीला दुसरी खिडकी नाही. आणि तुझी शेगडी दाराशी आहे. मंगळवारपासून माझा डबा भरलेलाच राहतो. (वजनाचं वर लिहिलंय ते खोटं आहे.) कोणाही वेल्डिंगवाल्याला बोलाव आणि कापून घे. माझी आठवण म्हणून ठेवू नकोस. त्याला माप खरं दे. आणि शेगडी आजच्या आज हलव.

आणखी एक ता. क. : दाराची जादा किल्ली समोरच्या घरातल्या मावशीकडे दे. रागावू नकोस. सहा वर्षं तू तिच्याशी बोलत नाहीस ते माझ्यामुळे, हे मला माहीत आहे. ती म्हणाली होती ना, ‘हा एक दिवस स्वतःच्या हातानं काहीतरी करून ठेवील.’ ठेवलं की. एवढ्यावरून तिच्याशी अबोला धरण्यात आता काही राहिलं नाही.

शेवटचा ता. क. : तू किल्ली घेऊन जाणार नाहीस, हेही मला माहीत आहे. म्हणून तिला वेगळं पत्र टाकलंय, याच टपालानं. त्यात एकच ओळ आहे, मावशी, तुमचं खरं होतं, माझ्या आत्याकडे बघा. ती चष्मा न शोधता वाचते, म्हणजे तिचं केव्हाच वाचून झालं असेल. दार वाजत असेल तर तीच आहे. उघड.